बहिणीचं हाड वाढत होतं तेव्हा

माझा डावा पाय उजव्यापेक्षा पाच सेंटिमीटरनं आखूड होता. आज मी 'होता' लिहिते आहे, पण वयाची चाळीस वर्षं मी 'आहे' म्हणतच काढली.

मी पाच वर्षांची असताना मोठा ताप आला आणि डाव्या मांडीच्या हाडात, गुडघ्याच्या अगदी वर, पू झाला. महिनाभर दवाखान्यात होते. ताप उतरला, जखम भरली, पण हाड जिथून वाढतं तोच भाग त्या आजारात खराब झाला. पुढे मी उंच होत गेले तसा उजवा पाय वाढत राहिला आणि डावा मागे पडत गेला. बाबा लकडगंजात एका आरामशीनवर लाकूड मोजून घ्यायचं काम करायचे. दर जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आधी, ते मला भिंतीशी उभं करायचे आणि माझ्या डाव्या टाचेखाली लाकडाच्या चकत्या सरकवायचे. कंबर सरळ दिसली की तेवढ्याच जाडीचा सागवानाचा तुकडा तिथल्या सुताराकडून घासून आणायचे. मोची तो माझ्या चपलेला ठोकून द्यायचा. रस्त्यावर कुणी नीट पाहिलं नाही तर कळायचंही नाही.

पण घरात कुणी चप्पल घालत नाही, विहारातही घालत नाही. दारात चप्पल काढली की मी पुन्हा खाली-वर होत चालायचे. रविवारी वंदनेला सगळे उभे राहिले की मी एका पायाचा चवडा टेकवून, खांद्यानं भिंतीचा आधार घेऊन उभी असायचे.

माझी बहीण माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. मी तिचा हेवा कधीपासून करायला लागले ते मला नेमकं आठवतं. ती तिसरीत होती आणि शाळेच्या लंगडीच्या संघात निवडली गेली होती. सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत ती एका पायावर उड्या मारत पोरींना बाद करायची, आणि बायका दारात उभ्या राहून म्हणायच्या, "काय लंगडी घालते वं पोरगी! पाहत राहावं." तोच शब्द माझ्याबद्दल त्याच बायका आवाज खाली आणून म्हणायच्या. मी ओट्यावर बसून बहिणीच्या चपला सांभाळायचे. ती जिंकून आली की घामेजल्या हातानं माझ्या गळ्यात पडायची, आणि मी तिला दूर करायचे. घाम लागतो म्हणून, असं सांगायचे.

मोठेपणी तिच्यासाठी पाहुणे यायला लागले. तेव्हा आई मला आधीच बैठकीत नेऊन खुर्चीवर बसवून ठेवायची. पाहुण्यांनी मला चालताना पाहू नये म्हणून. "तू बसूनच राहा, चहा मी आणते," म्हणायची. पाहुणे गेल्याशिवाय मी उठत नसे. एकदा पाहुणे अडीच तास बसले होते. मला बाथरूमला जायचं होतं. मी हसत बसून राहिले. माझ्यासाठी कधी असे पाहुणे आले होते का, हे मी इथे लिहीत नाही. आले होते, आणि खुर्चीवरून उठावं लागलं होतं, एवढंच.

बहिणीचं लग्न झालं, ती प्रतापनगरात राहायला गेली. नवरा मालगाडीचा गार्ड, दोन-दोन दिवस घराबाहेर. ती बँकेत नोकरी करायची आणि स्कूटर अशी चालवायची की मागे बसणाऱ्यानं डोळे मिटावेत. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागले होते. बाबा गेले, घरात मी आणि आई उरलो.

मग एका सकाळी बँकेत जाताना तिच्या स्कूटरला पाण्याच्या टँकरनं धडक दिली. उजव्या नडगीचं हाड मोडून कातडीबाहेर आलं होतं.

मी ऑटो करून दवाखान्यात गेले. ती जगावी एवढंच मनात होतं. पण ती जगणार हे कळल्यावर, तिच्या पलंगाशी उभी असताना, माझ्या मनात एक वाक्य आलं. 'आता हिलाही कळेल.' मी ते वाक्य कुणाला सांगितलं नाही. ते आलं आणि बराच वेळ गेलंच नाही. मी तिच्या कपाळावरून हात फिरवत होते तेव्हाही ते तिथेच होतं.

पहिल्या ऑपरेशननंतर जखम चिघळली. तीन महिन्यांत दोनदा साफ केली, तरी पू थांबेना. आत हाडाचा एक तुकडा मेला होता. कुणी म्हणालं, गुडघ्याखालून पाय काढून टाका, निदान जीव तरी वाचेल. तेव्हा तिच्या नवऱ्यानं दुसऱ्या एका डॉक्टरांचं नाव काढलं आणि आम्ही फायली घेऊन त्यांच्याकडे गेलो.

हे डॉक्टर पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. त्यांनी एक्स-रे दिव्यावर लावला आणि बोटानं दाखवलं. "हा सहा सेंटिमीटरचा भाग मेलेला आहे. तो काढून टाकायचा. मग वर, गुडघ्याखाली, चांगलं हाड कापायचं आणि तो कापलेला तुकडा रोज थोडा थोडा खाली सरकवायचा. रोज एक मिलिमीटर. तो सरकत जातो तसं मागे नवीन हाड तयार होतं."

"नवीन हाड?" तिच्या नवऱ्यानं विचारलं. "कुठून येतं?"

"तिचं तिचंच. शरीर बनवतं. आपण फक्त घाई करायची नाही आणि थांबायचं नाही."

मी विचारलं, "मोठ्या माणसाचंही वाढतं?"

"वाढतं की. वय जास्त असेल तर वेळ जास्त लागतो, एवढंच."

ते माझ्या तोंडाकडे पाहून बोलत होते. माझा पाय टेबलाखाली होता. मी तो आणखी मागे ओढून खुर्चीखाली घेतला. बाहेर आल्यावर आमचे जावई, तिचा नवरा, रडायला लागले, पाय वाचणार म्हणून. मी पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली. मला रडू आलं नाही. माझ्या डोक्यात सारखं एकच चालू होतं: हाड वाढतं. एवढी वर्षं कुणी मला हे काहून नाही सांगितलं?

ऑपरेशन झालं आणि बहीण आमच्याकडे, सक्करदऱ्याला आली. तिच्या पायाभोवती धातूच्या चार गोल रिंगा होत्या. रिंगांमधून बारीक तारा कातडीतून, हाडातून आरपार गेलेल्या. रिंगा एकमेकींना दांड्यांनी जोडलेल्या आणि दांड्यांवर नट. दिवसातून चार वेळा प्रत्येक नट पाव फेरा फिरवायचा होता. आईला जवळचं दिसत नव्हतं. जावई गाडीवर. बहिणीचा हात मागच्या नटापर्यंत पोचत नव्हता. डॉक्टरांनी पाना माझ्या हातात दिला.

"ताई, हे काम तुमचं. फिरवला की 'टक्' असा आवाज येईल. आला की झालं. वहीत खूण करायची."

सकाळी सहाला, दहाला कामावर जायच्या आधी, संध्याकाळी पाचला आल्या आल्या आणि नऊला जेवणानंतर. टक्, टक्, टक्, टक्. बहीण उशीचं टोक दातात धरायची. पहिल्या आठवड्यात ती म्हणायची, "ताई, हळू वं." नंतर म्हणेना. मी तारांभोवतीची कातडी सलाईनच्या पाण्यानं पुसायचे, गॉज बदलायचे, आणि वहीत खूण करायचे. स्वतःचा पाय दुमडून, जमिनीवर बसून. माझ्या हातानं तिचा पाय वाढत होता. उठताना मला पलंगाचा पाया धरावा लागायचा.

आईनं तिच्यासाठी बाजूनं बटणं असलेले गाऊन शिवले. रिंगांवर घालायला जुन्या सुती पातळाचं कव्हर केलं, त्याला नाडी लावली. दर बुधवारी आणि रविवारी बकऱ्याच्या पायांचं सूप व्हायचं. हाडाला चांगलं म्हणून. आई चार-चार तास ते उकळत ठेवायची, मिरे कुटून घालायची, आणि मोठा वाडगा भरून तिच्या हातात द्यायची.

"थंडं होऊन राहिलं नं, पिऊन घे," म्हणायची. मग माझ्याकडे वळून, "तुले पाहिजे का वं थोडं?"

थोडं. मी नको म्हणायचे आणि मागच्या बाजूला जाऊन भांडी घासायचे. चाळीस वर्षांची बाई वाडगाभर सुपावरून जळत होती. ते मला तेव्हाही कळत होतं. कळल्यानं काही कमी होत नव्हतं.

लोक भेटायला यायचे. शेजारच्या बायका, बँकेतले, विहारातले. सगळे तिच्या पलंगाभोवती बसून म्हणायचे, काय धीराची पोरगी आहे. डॉक्टर तर तिला रिंगांसह चालायला लावत होते. "वजन टाका, जितकं टाकाल तितकं हाड पक्कं होईल." वॉकर धरून ती अंगणात पाच पावलं टाकायची आणि लोक टाळ्या वाजवायचे. मी त्याच अंगणातून रोज पाण्याच्या बादल्या घेऊन लंगडत जात होते.

महिन्याभरानं एक्स-रे काढला. डॉक्टरांनी पुन्हा दिव्यावर लावला. वरच्या बाजूला, जिथे हाड कापलं होतं, तिथे पातळ पांढुरकं काहीतरी दिसत होतं, दुधात पाणी जास्त झाल्यासारखं. "हे बघा. हे तुमचं नवीन हाड." बहीण हसली. मी ते चित्र घरी आणून खिडकीशी धरून कितीतरी वेळ पाहिलं. माझ्या बोटांनी फिरवलेले पाव-पाव फेरे त्यात होते. तरी ते हाड तिचं होतं.

त्याच आठवड्यात आई गॉजच्या घड्या घालत बसली होती आणि सहज बोलून गेली, "तू बारा वर्षांची होती तेव्हा एक डॉक्टर म्हणे, पाय लांब करता येते म्हणून. बाहेरगावी नेऊन. तुह्या बाबाले लई वाटे, न्यावं म्हणून."

मी वही बाजूला ठेवली. "मग?"

"मीच नाई म्हटलं."

"काहून?"

आईनं घडी उलगडली, पुन्हा घातली. "भेव वाटलं वं. हाड कापतो म्हणे. असलेला पायही गेला तर? आणि तू चालत होती नं. शाळेत जात होती, सगळं करत होती. तू कधी रडलीच नाई."

पलंगावर बहीण डोळे मिटून पडली होती. ती झोपली आहे असं मला वाटलं. संध्याकाळचे पाच वाजले होते. मी पाना घेतला, नटाला लावला, हात हलवला, आणि फिरवला नाही. चारही नटांना तसंच केलं. वहीत चार खुणा केल्या.

रागाच्या भरात एकदा झालं असतं तर मी ते कुणाला सांगितलंही नसतं. पण मी नऊला तसंच केलं. दुसऱ्या दिवशी चारही वेळा तसंच केलं. तिसऱ्या दिवशीही. तीन दिवस मी नीट पाना लावत होते, नीट काढत होते, नीट खुणा करत होते. मनात काय होतं? तिचा पाय तुटावा असं नव्हतं. थोडा कमी राहावा, एवढंच होतं. थोडा. चौथ्या दिवशी सकाळी बहिणीनं झोपेत कूस बदलली, रिंग पलंगाच्या दांडीला लागली आणि ती कळवळून ओरडली. मी धावत गेले, तिचा पाय सरळ केला. तिचे केस घामानं कपाळाला चिकटले होते, लंगडी खेळून आल्यावर चिकटायचे तसे. त्या सकाळी मी नट फिरवले. टक् आवाज आला तेव्हा कुठे वहीत खूण केली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी वही पाहिली, एक्स-रेवर पट्टी लावली, पुन्हा वही पाहिली. "वहीत बत्तीस मिलिमीटर आहे. इथे साडेएकोणतीस दिसतंय." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मध्ये काही झालं का?"

मी तोंड उघडलं, पण बोलली बहीण.

"मीच थांबवलं, डॉक्टर. लई दुखत होतं. ताईले म्हटलं, वहीत खूण करून टाक, सांगू नको."

डॉक्टर रागावले. असं पुन्हा करायचं नाही म्हणाले. "नवीन हाड वाट पाहत नाही. तुम्ही थांबलात तर ते तिथेच जमून घट्ट होतं, मग परत कापावं लागतं. थोडक्यात वाचलात." काही दिवस चारऐवजी पाच वेळा फिरवायला सांगितलं. म्हणजे माझ्या तीन दिवसांसाठी तिला रोज एकदा जास्त दुखणार होतं.

बाहेर कडुनिंबाखाली बाकावर आम्ही ऑटोची वाट पाहत बसलो. तिचा पाय मी माझ्या मांडीवर घेतला होता.

"तुले कसं समजलं?" मी विचारलं.

"आवाज येते नं. तीन दिवस आलाच नाई."

"मग बोलली काहून नाई?"

"काय बोलू? मी जागी होते. आईनं सांगितलं ते मीही ऐकलं." तिनं माझ्या मांडीवरचा पाय जरा सरकवला. "आणि खरं सांगू का? नट नाई फिरला तर पाय दुखत नाई. तीन दिवस मले चांगली झोप लागली. मी पण गप्पच राहिली."

मला हसू आलं असतं. पण तिनं लगेच विचारलं, "ताई, तू मले लंगडी ठेवणार होती का?"

तिनं तो शब्द माझ्यासमोर कधीच उच्चारला नव्हता. मी खोटं बोलू शकले असते.

"तीन दिवस तसं वाटलं," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. रडली नाही, रागावलीही नाही. रस्त्यापलीकडे उसाच्या रसाची गाडी होती. तिकडे बोट दाखवून म्हणाली, "मले रस पाज." मी दोन ग्लास आणले. पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "तू दाखव नं तुहा पाय त्याले. तुले कोण अडवून राहिलं आता?"

"माह्यं वय पाहिलं का?"

"त्यानं सांगितलं नं पहिल्याच दिवशी. मोठ्या माणसाचंही वाढते. तूच विचारलं होतं."

ऑटो आला.

त्यानंतर मी एकही फेरा चुकवला नाही. पण माझा हेवा त्या बाकावर संपला, असं सांगितलं तर ते खोटं होईल. तो तसाच होता. नवीन हाड दाट होत गेलं, दोन्ही टोकं जुळली, आणि ऑपरेशननंतर अकराव्या महिन्यात रिंगा निघाल्या. पाय काठीसारखा बारीक झाला होता, त्यावर तारांचे गोल गोल डाग. महिना-दीड महिना तिनं काठी धरून व्यायाम केला. मग एका सकाळी ती काठी कोपऱ्यात ठेवून स्वयंपाकघरापर्यंत चालत आली, अनवाणी. सरळ. खाली-वर न होता. आईनं हातातली कणीक तशीच ठेवून तिला मिठी मारली. मी दारात उभी होते. टँकरनं मोडलेला पाय माझ्या पायापेक्षा चांगला चालत होता. तिच्याइतकं सरळ मी त्या घरात एकदाही चालले नव्हते. इतकी जळजळ मला आयुष्यात कधी झाली नव्हती, तिच्या लग्नातसुद्धा नाही.

चौथ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि एकटीच डॉक्टरांकडे गेले.

"बहिणीचे रिपोर्ट?" त्यांनी विचारलं.

"नाही. माझं दाखवायला आले आहे."

त्यांनी मला चपला काढून उभं केलं. टेबलाखालून लाकडी पाट्या काढल्या, एक सेंटिमीटरची, दोनाची, आणि माझ्या डाव्या पायाखाली ठेवत गेले. मागे उभं राहून कंबर पाहिली. पाचाची जाडी झाल्यावर म्हणाले, "आता कसं वाटतं?"

बाबांच्या चकत्यांवर उभी राहायचे तसं वाटत होतं. मी नुसतीच मान हलवली.

"एवढी वर्षं का थांबलात?"

"माहीत नव्हतं," मी म्हटलं. ते खरं होतं आणि पूर्ण खरं नव्हतं. बहिणीच्या तपासण्यांना मी त्यांच्यासमोर पंधरा-वीस वेळा तरी बसले होते.

त्यांनी काही लपवलं नाही. मांडीचं हाड लांबवायचं म्हणजे गुडघा आखडतो, व्यायाम चुकवून चालत नाही, तारांच्या जागी जंतू होऊ शकतात, आणि सारं मिळून वर्षभर जातं. पण कंबर जी वाकडी झाली आहे, पाठ जी रोज दुखते, उजवा गुडघा जो दोन्ही पायांचा भार घेऊन झिजतो आहे, ते सगळं थांबेल. "सुंदर दिसण्यासाठी नाही सांगत," ते म्हणाले. "साठीत तुम्ही कशा चालाल, त्यासाठी सांगतो."

मला मात्र सुंदरही दिसायचं होतं. ते मी बोलले नाही.

आईला सांगितलं तेव्हा ती आधी म्हणाली, "आता या वयात?" मग खाली बसली. बसल्या बसल्याच म्हणाली, "मी संगं येते दवाखान्यात. या वेळी मी नाई म्हणणार नाई."

माझ्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला रिंगा नाही, धातूची एक सरळ पट्टी बसवली. तिचा नट माझ्या हाताला लागत होता, त्यामुळे तो मी स्वतःच फिरवला. पंचेचाळीस दिवस. दुखतं ते किती दुखतं हे मला तेव्हा कळलं. पहिल्या संध्याकाळी मी त्या तीन दिवसांनंतरच्या पाचव्या फेऱ्याचा विचार केला आणि उशी तोंडावर धरली. बहीण रोज बँकेतून थेट आमच्याकडे यायची आणि माझा गुडघा वाकवायची. तिच्या मनात दयामाया नव्हती. मी ओरडले की म्हणायची, "ओरड. वाकव आणि ओरड." आईचं सूप चुलीवर असायचं. तो वास मला आता अजिबात आवडत नाही.

तपासणीला जायचे तेव्हा दवाखान्याच्या बोळीत एक सहा-सात वर्षांची मुलगी दिसायची. भंडाऱ्याकडून कुठून तरी आईबरोबर यायची. तिच्या पायाला इवल्या इवल्या रिंगा होत्या, आणि ती त्या रिंगांसह खडखडत पळायची. तिची आई मागून, "अवं, हळू!" करत धावायची. तिला माझ्यासारखाच हाडाचा आजार होऊन गेला होता, असं तिच्या आईनं सांगितलं. मला तिच्याकडे पाहून आनंद व्हायला हवा होता. मी तिचा हेवा केला. एवढ्याशा पोरीचा. शाळेत जायच्या वयात तिचे पाय सारखे होणार होते. तिला कुणी खुर्चीत बसवून ठेवणार नव्हतं. एकदा तिनं माझी पट्टी पाहिली आणि विचारलं, "तू इतकी मोठी होऊन आता करून राहिली?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "काहून?" तिच्या आईनं तिला ओढून नेलं.

माझी पट्टी दहा महिन्यांनी निघाली. पाय सारखे झाले. डॉक्टरांच्या मापात अजून अर्ध्या सेंटिमीटरचा फरक आहे, तो कुणाला दिसत नाही. गुडघा पूर्ण दुमडत नाही, मांडी घालून बसता येत नाही. पाठ दुखायची थांबली. सकाळी उठल्यावर कंबर धरून बसायचं, ते बंद झालं. ग्रंथालयात वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला मी दोन्ही टाचा उचलते. विहारात वंदनेला भिंतीपासून दूर, मधल्या रांगेत उभी राहते. पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा हात जोडलेले होते आणि लक्ष सगळं पायांत होतं. बहीण माझ्यापेक्षा भरभर चालते, अजून. जिन्यावर तर दोन-दोन पायऱ्या चढते. मी खालून पाहते, आणि तो जुना हेवा पुन्हा डोकं वर काढतो. आता मी त्याला ओळखते. तिलाही ते माहीत आहे. कधी कधी ती वर पोचून थांबते आणि मुद्दाम मला चिडवते, "काय पाहून राहिली? ये की."

गेल्या हिवाळ्यात मी आणि आई बुधवारच्या बाजाराला गेलो होतो. मेथीच्या जुड्या आल्या होत्या, खूप गर्दी होती. मी लिंबं घ्यायला दोन दुकानं पुढे गेले आणि परत वळले तेव्हा आई मला शोधत होती. कपाळावर हात आडवा धरून ती गर्दीत पाहत होती. मी पंधरा पावलांवर होते. तिची नजर माझ्यावरून गेली आणि पुढे सरकली. मग पुन्हा आली, पुन्हा गेली. ती चाल शोधत होती. खाली-वर होणारं एक डोकं. पलीकडून एक बाई लंगडत आली तशी आई दोन पावलं तिच्याकडे गेली, आणि चेहरा पाहून थांबली.

मी हाक मारायला हवी होती. मी थोडा वेळ तशीच उभी राहिले आणि आईला शोधू दिलं.

मग मी म्हटलं, "आई, इकडे."

ती वळली. मला पाहून आधी रागावली. "किती वेळची पाहून राहिली मी! कुठी गेली होती?"

"इथंच होते."

"मले दिसलीच नाई तू," ती म्हणाली. पिशवी माझ्या हातात दिली, आणि मेथीवाल्याशी घासाघीस करायला वळली.